नऊ इंची भिंत आणि ‘डी’ ग्रेड: परदेशात घर घेताना एनर्जी सर्टिफिकेट कसं वाचायचं?

राजारामपुरीतला प्लॉट विकून मुलांच्या परदेशातल्या घराला हातभार लावणारे आईवडील आता कोल्हापुरात नवलाईचे राहिलेले नाहीत. कुणाची मुलगी लेस्टरला, कुणाचा मुलगा डब्लिनला, कुणाचा जावई म्युनिकला. आधी घराचे फोटो येतात. किचन बघून होतं, देवघर कुठल्या भिंतीला बसेल यावर फोनवर तासभर चर्चा होते. मग त्या घराच्या एनर्जी सर्टिफिकेटाची एक पीडीएफ येते. तिच्यावर हिरव्यापासून लालपर्यंत उतरत गेलेल्या पट्ट्या, ‘ए’ ते ‘जी’ अशी अक्षरं आणि ‘डी’वर टेकलेला बाण. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: “डी म्हणजे काठावर पास का?”

तसं नाही. इंग्लंडमधली बहुतेक जुनी घरं ‘सी’ आणि ‘डी’ याच दोन पट्ट्यांत आहेत. त्यामुळे तिथला ‘डी’ म्हणजे चारचौघांसारखं घर. पण तेवढ्यावर कागद मिटू नका. हे अक्षर हल्ली नुसती माहिती देत नाही. घर भाड्याने देता येईल का, कर्जाचा दर किती लागेल, पुढे विकताना गिऱ्हाईक किती घासाघीस करेल, हे त्यावरून ठरायला लागलंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२५ पासून ‘जी’ ग्रेडच्या घराचा नवा भाडेकरार करता येत नाही. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये इमारतींच्या ऊर्जेचा निर्देश नव्याने लिहिला आणि तो आपापल्या कायद्यात बसवायला सदस्य देशांना २९ मे २०२६ पर्यंतची मुदत दिली. म्हणून मुलांच्या तोंडी सध्या घराच्या किमतीइतकाच हा कागद आहे.

हे सर्टिफिकेट नक्की काय मोजतं?

युरोपातल्या बहुतेक देशांत या कागदावर एक आकडा असतो: वर्षाला दर चौरस मीटरमागे किती किलोवॉट-अवर. शब्द बोजड आहे, वस्तू ओळखीची आहे. एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलावरचं एक युनिट. आणि एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. म्हणजे प्रश्न एवढाच: वर्षभर घर राहण्यासारखं ठेवायला फुटामागे किती युनिट जळतात?

जर्मनीचं उदाहरण घेऊ. तिथे १३० ते १६० युनिट या टप्प्याला ‘ई’ म्हणतात. १५० धरा आणि घर ८० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ८६० फुटांचं धरा. गुणाकार केला की वर्षाला १२,००० युनिट. कोल्हापुरात महिन्याला दीडशे युनिट जाळणारं घर वर्षाला १,८०० वर थांबतं. साडेसहा पटींहून जास्त! शिवाय त्या १२,००० मध्ये टीव्ही, फ्रीज, मिक्सर धरलेले नाहीत. ते सगळं घर गरम ठेवण्यात आणि अंघोळीच्या पाण्यात जातं, बहुतेक ठिकाणी गॅसवर. इंग्लंडमध्ये त्यात दिवे आणि घरातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणाही मोजतात. स्वयंपाक आणि घरातली उपकरणं तिथेही बाहेर.

जर्मनीत आणखी एक गंमत आहे. तिथलं सर्टिफिकेट सहसा फ्लॅटचं नसतं, अख्ख्या इमारतीचं असतं. चारी बाजूंनी गरम शेजारी असलेला मधला फ्लॅट आणि छताखालचा कोपऱ्यातला फ्लॅट, दोघांच्या कागदावर अक्षर एकच, बिलं मात्र वेगळी. वरच्या मजल्याचा फ्लॅट म्हणजे काय हे एप्रिलमध्ये स्लॅबखाली झोपलेल्या माणसाला सांगायला नको. तिथे तोच त्रास जानेवारीत होतो. आणि कागदावरचे चौरस मीटर म्हणजे राहती जागा असंही समजू नका. ते इमारतीच्या घनफळावरून काढतात आणि राहत्या जागेपेक्षा जास्त भरतात, म्हणून चौरस मीटरमागचा आकडा जरा सुंदर दिसतो. कार्पेट-बिल्टअपचा घोळ तिथेही आहेच म्हणायचा.

नऊ इंची भिंत नापास कशी?

आपल्याकडे घर दाखवताना मालक भिंतीवर थाप मारून सांगतो, “नऊ इंची आहे.” ती मजबुतीची खूण. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाआधी बांधलेल्या रांगेतल्या घरांची भिंतही साधारण तेवढीच जाड, भरीव विटेची. तिथल्या सर्टिफिकेटवर मात्र त्याच भिंतीपुढे ‘पुअर’ किंवा ‘व्हेरी पुअर’ असा शेरा असतो. आपल्या माणसाला हे पचत नाही. शंभर वर्षं उभी असलेली भिंत ‘व्हेरी पुअर’?

शेरा ताकदीवर नाही, उष्णता किती गळते त्यावर आहे. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो. घरात वीस-बावीस असतं, आणि आपण वर शाल घेतो. फरक पाच-सात अंशांचा, तोही काही तासांचा. लीड्समध्ये किंवा म्युनिकमध्ये बाहेर दोन-चार अंश किंवा शून्याखाली, आत वीस ठेवायचे, आणि हे चार-पाच महिने रात्रंदिवस. उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे जाणारच. भिंत तिला किती अडवते याचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू: आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते. आकडा कमी तितकं चांगलं.

जुन्या भरीव विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण दोन धरतात. नव्या, आतून फोम किंवा खनिज लोकर भरलेल्या भिंतीची ०.२ च्या आसपास. आता दहा चौरस मीटरची एकच भिंत घ्या आणि आतबाहेर पंधरा अंशांचा फरक धरा. जुन्या भिंतीतून सतत ३०० वॉट जातात, नवीतून ३०. म्हणजे जुन्या घरात एका भिंतीपायी चार-पाच पंखे चोवीस तास फिरत ठेवल्याइतकी ऊर्जा बाहेर फेकली जाते. त्यात छत, खिडक्या, दारांच्या फटी मिळवा.

याला जोडूनच एक गोष्ट येते ती ओल. पावसाळ्यात आपल्याकडे ओल बाहेरून येते: गच्ची गळते, पश्चिमेची भिंत झिरपते, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं. तिकडे थंड देशात ओल आतूनही येते. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, झोपलेल्या माणसांचा श्वास, ही सगळी वाफ हवेत राहते आणि गार भिंतीला टेकली की तिचं पाणी होतं. कपाट ओढून बघा, मागे काळे ठिपके दिसतील. घर बघायला गेलेल्या मुलांना मी हेच सांगतो: किचनचा ओटा नंतर बघा, आधी उत्तरेच्या भिंतीचं कपाट पुढे ओढा.

म्हणून “आम्ही कोल्हापूरची माणसं, दोन स्वेटर घालून राहू, हीटर लावणारच नाही” हा हिशेब तिथे चालत नाही. माणूस स्वेटर घालेल, भिंत गारच राहील आणि बुरशी धरेल. कडाक्याच्या थंडीत नळाच्या पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो, तो वेगळाच.

मग बिल कागदाप्रमाणेच येणार का?

नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. मोटारसायकल घेताना कंपनी सांगते त्या ॲव्हरेजसारखा हा आकडा आहे. दोन गाड्यांत कुठली बरी हे त्यावरून कळतं, पण महाद्वार रोडच्या गर्दीत आणि मागे दोघं बसवून तुम्हाला किती मिळेल ते त्यात नाही. इंग्लंडमध्ये सगळ्या घरांना एकच नियम लावतात: बैठकीची खोली २१ अंश, बाकी खोल्या १८, माणसं किती ते क्षेत्रफळावरून गृहीत. प्रत्यक्षात कोण किती वाजता हीटर लावतो याच्याशी कागदाचा संबंध नाही. आजीआजोबा सहा महिने राहायला गेले आणि घर दिवसभर गरम ठेवावं लागलं तर बिल वर जाणार. दोघं नोकरीला आणि घर रिकामं असलं तर खाली.

इंग्लंडचं सर्टिफिकेट उघडून एकदा शांतपणे वाचा. पहिल्या पानावर दोन गुण असतात, आजचा आणि सुधारणा केल्यावर होऊ शकणारा. समजा ५८ आणि ८१. त्यांच्या मापात ५५ ते ६८ म्हणजे ‘डी’ आणि ८१ ते ९१ म्हणजे ‘बी’. खरी गोष्ट खालच्या तक्त्यात आहे: भिंती, छत, खिडक्या, हीटिंग, गरम पाणी, प्रत्येकापुढे एक ओळ आणि एक शेरा. भिंतीच्या ओळीच्या शेवटी कंसात एक शब्द हमखास भेटतो: ‘अझ्यूम्ड’. म्हणजे तपासनिसाने भिंत फोडून पाहिलेली नाही. घराच्या वयावरून अंदाज धरलेला आहे. तो अंदाज दोन्हीकडे चुकू शकतो. आधीच्या मालकाने इन्सुलेशन भरून घेतलं असेल पण कागद दाखवला नसेल, तर गुण कमी लागतात. म्हणून मालकाकडे त्या कामाची बिलं आणि हमीपत्रं मागायची. ती असतील तर नव्या तपासणीत ग्रेड वर जाऊ शकतो.

तारीखही बघा. इंग्लंडमध्ये सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. नऊ वर्षांपूर्वीचं असेल तर त्यानंतर बदललेला, घर आणि पाणी गरम करणारा बॉयलर त्यात नाही आणि हिशेबाची पद्धतही जुनी.

एकच अक्षर, देश बदलला की अर्थ बदलला

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. लंडनच्या भाचीचा ‘सी’ आणि पॅरिसच्या पुतण्याचा ‘सी’ शेजारी ठेवून तुलना होते, आणि ती फुकट जाते.

इंग्लंडमधला मुख्य गुण ऊर्जेचा नाही, खर्चाचा आहे: ठरावीक दराने ते घर चालवायला चौरस मीटरमागे किती पैसे लागतील. तिथे वीज गॅसपेक्षा बरीच महाग. म्हणून गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला, म्हणजे उलटा चालणारा एसी बसवला, तर ऊर्जा खूप वाचूनही ग्रेड फारसा हलत नाही, कधी खालीही येतो. यावर तिथे पुष्कळ टीका झाली आहे. ब्रिटन सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये एका अक्षराऐवजी भिंती-छत, हीटिंग आणि खर्च यांचे वेगळे आकडे द्यायचा प्रस्ताव मांडला तो त्यामुळेच.

फ्रान्स दोन मोजमापं करतं, ऊर्जा आणि कार्बन, आणि दोन्हीतलं जे वाईट ते अक्षर देतं. ऊर्जेत पुन्हा मीटरवरची वीज जशीच्या तशी धरत नाहीत. वीज तयार करताना वाया गेलेली ऊर्जाही धरायची म्हणून तिला एका गुणकाने गुणतात. हा गुणक २.३ होता, तो १ जानेवारी २०२६ पासून १.९ झाला. एक वीट न हलवता विजेच्या हीटरवाली कितीतरी घरं एका रात्रीत वरच्या अक्षरात गेली. पॅरिसचा छोटा स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, बघत असाल तर कागद या तारखेआधीचा आहे की नंतरचा ते विचारा.

जर्मनीत ‘ए प्लस’ ते ‘एच’ अशी पट्टी आहे आणि सर्टिफिकेटाचे दोन प्रकार आहेत. एकात तज्ज्ञ इमारतीचा हिशेब मांडून गरज काढतो. दुसऱ्यात मागच्या तीन वर्षांची बिलं बघतात. दुसरा प्रकार स्वस्त पडतो आणि फसवाही: राहणारे काटकसरी असतील तर मोडकी इमारतसुद्धा छान दिसते. दोन्हींपैकी कुठलं ते कागदावर लिहिलेलं असतं. आयर्लंडमध्ये ‘ए वन’पासून ‘जी’पर्यंत पंधरा पायऱ्या आहेत. तिथे ‘बी थ्री’ ही ओळ लक्षात ठेवायची. त्या किंवा त्यावरच्या घराला अनेक बँका कमी व्याजाने कर्ज देतात. ‘सी वन’ आणि ‘बी थ्री’ यांत फरक एका पायरीचा, पण तीस वर्षांच्या हप्त्यांत तो जाणवतो.

युरोप सोडला की दिशाच बदलते. ऑस्ट्रेलियात शून्य ते दहा तारे, जास्त तितके चांगले, आणि तिथल्या २०२२ च्या बांधकाम संहितेत नव्या घरासाठी सात ताऱ्यांची पातळी ठरवली आहे. अमेरिकेतल्या ‘हर्स’ निर्देशांकात आकडा कमी तितकं चांगलं, शून्य म्हणजे वर्षाला जेवढं जाळतं तेवढं स्वतः तयार करणारं घर. तिथेच ‘होम एनर्जी स्कोअर’ नावाचं दुसरं माप एक ते दहा, आणि त्यात दहा सर्वोत्तम! आकड्यावर खूश होण्याआधी माप कुठलं ते बघा.

“आम्ही भाड्यानेच देणार. बिल भाडेकरू भरेल.”

हा युक्तिवाद कोल्हापुरात मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि सगळ्यात धोक्याचाही हाच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही किमान ‘ई’ लागतो. ‘एफ’ किंवा ‘जी’ घर भाड्याने द्यायचं तर रीतसर सूट नोंदवावी लागते, नाहीतर दंड ५,००० पौंडांपर्यंत. ही किमान पायरी २०३० पर्यंत ‘सी’वर न्यायचं सरकारचं धोरण आहे. म्हणजे आजचा ‘डी’ राहायला ठीक, पण भाड्याच्या भरवशावर घेतलेल्याला पुढे खर्च दिसतोय. फ्रान्समध्ये क्रम कायद्यातच लिहिलाय: ‘जी’ २०२५, ‘एफ’ २०२८, ‘ई’ २०३४. नेदरलँडमध्ये लेबलवरून गुण मिळतात आणि नियंत्रित भाड्याच्या घरात त्या गुणांवर कमाल भाडं ठरतं.

“खराब ग्रेड म्हणजे भाव कमी. घेऊन दुरुस्त करू की!”

हा विचार वाईट नाही. उलट पैसे असतील तर शहाणपणाचा आहे. स्वतंत्र घर असेल तर छतात इन्सुलेशन घालणं हे स्वस्त आणि लवकर फळणारं काम, तिथून सुरुवात करावी. अडचण फ्लॅटची आणि जुन्या देखण्या घरांची. इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. बाहेरची भिंत आणि पुष्कळदा खिडक्यासुद्धा जमिनीच्या मालकाच्या, त्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. फ्रान्समध्ये बाहेरून इन्सुलेशन घालायचं तर इमारतीतल्या सहमालकांच्या सभेत मत घ्यावं लागतं. आपल्या सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या खर्चावर काय होतं ते आठवा. आणि इमारत वारसा यादीत असेल तर लाकडी खिडकीची काचसुद्धा विचारून बदलायची.

दुरुस्तीचे पैसे इथून पाठवणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि घराचे पैसे व दुरुस्तीचे पैसे याच एका मर्यादेत मोजले जातात. मार्चमध्ये घर आणि एप्रिलमध्ये दुरुस्ती असं वर्ष पाडून करणारे लोक आहेत. सीएला आधी विचारा.

“दुबईत कसली थंडी?”

थंडी नाही, पण तिथे गारवा विकत घ्यावा लागतो. दुबईत फ्लॅट घेताना ‘ए’ ते ‘जी’चा कागद हातात पडत नाही. नव्या इमारतींना हरित बांधकामाचे नियम आहेत, अबुधाबीत २०१० पासून एक ते पाच ‘पर्ल’ अशी इमारतीची श्रेणीही आहे, पण तुमच्या फ्लॅटचा खर्च कळायला त्यांचा फार उपयोग नाही. विचारायचं ते हे: गारवा कुठून येतो? बऱ्याच टॉवरना वस्तीतल्या एका मोठ्या केंद्रातून पाइपाने गार पाणी येतं. त्याच्या बिलात दोन भाग असतात, वापराचा आणि क्षमतेचा. वापराचा भाग घर बंद ठेवलं की थांबतो. क्षमतेचा भाग तुम्ही कोल्हापुरात बसून असलात तरी दर महिन्याला चालूच राहतो. ‘चिलर फ्री’ अशी जाहिरात दिसली तर हुरळू नका; भाडेकरूला फुकट, म्हणजे मालक भरतो, आणि मालक तुम्ही.

आपल्याकडेही घरांसाठी ऊर्जेचं लेबल आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१९ मध्ये एक ते पाच ताऱ्यांची योजना आणली. सक्तीची नाही, म्हणून बिल्डरच्या ब्रोशरमध्ये वास्तू आणि क्लब हाऊस दिसतं, तारे दिसत नाहीत.

कागद कधी मागायचा?

शक्य तितक्या आधी. इंग्लंड-वेल्समध्ये तर मागायचीही गरज नाही. सरकारी नोंदवहीत पोस्टकोड टाकला की त्या गल्लीतल्या घरांची सर्टिफिकेटं फुकट दिसतात. शेजारचं हुबेहूब घर ‘सी’ आणि तुमचं ‘ई’ असेल तर त्याने काय केलं तेही कळतं, आणि भावात बोलायला मुद्दा मिळतो. स्कॉटलंडमध्ये विकणाऱ्यानेच तयार केलेल्या होम रिपोर्टमध्ये हा कागद असतो. जर्मनीत घर दाखवतानाच तो समोर ठेवावा लागतो.

घाई कुठे नडते ते देशागणिक वेगळं आहे. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत मागे फिरता येतं. फ्रान्समध्ये प्राथमिक करारानंतर घेणाऱ्याला दहा दिवस मिळतात. जर्मनीत नोटरीसमोर सही झाली की विषय संपला. तेव्हा सहीच्या आधी एजंटला सर्टिफिकेटासोबत मागच्या डिसेंबर-जानेवारीची गॅस आणि विजेची बिलंही मागा, आणि त्या वेळी घरात किती माणसं राहत होती तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.